स्वभावाला औषध नाही?

आपल्या मराठीत काही म्हणी अशा आहेत की, त्या उच्चारल्या म्हणजे पुढचे बोलणेच खुंटते. 'स्वभावाला औषध नाही' ही त्यांपैकी एक आणि 'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' ही दुसरी. घरात कलह झाला, कोणी रुसून जेवणावरून उठले, कोणी रागाच्या भरात भांडी आपटली, की वडीलधारी माणसे सुस्कारा टाकून यांतील एखादी म्हण म्हणतात आणि विषय मिटवतात. परंतु ज्या माणसाला उद्देशून ती म्हटली गेली त्याच्या मनाचे काय होत असेल, याचा विचार सहसा कोणी करीत नाही.

आज हा विचार आमच्या मनात आला तो एका मातेच्या पत्रामुळे. ओळख पटेल असा सर्व तपशील गाळून त्यातील आशय आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. या बाईंच्या मुलीचे लग्न होऊन तीन वर्षे झाली. मुलगी हळवी आणि शीघ्रकोपी. क्षणात जीव लावणारी, क्षणात तोंड फिरवणारी. नवऱ्याशी खटका उडाल्यावर तिने दोनदा मनगटावर ब्लेड ओढून घेतले. सासरच्यांनी तिला एका डॉक्टरांकडे नेले. वीस मिनिटांच्या भेटीनंतर कागदावर तीन इंग्रजी शब्द लिहून मिळाले, त्यांचा अर्थ 'सीमारेषीय व्यक्तिमत्त्व विकार' असा होतो. तो कागद आता सासरच्या कपाटात आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला जात आहे. विवाह रद्दबातल ठरवून घेण्याची भाषाही सुरू झाली आहे. या मातेने आम्हांला तीन प्रश्न विचारले आहेत. माझी मुलगी आजारी आहे की वाईट आहे? हा कागद खरा मानायचा काय? आणि ती आता कधीच सुधारणार नाही काय?

तिन्ही प्रश्नांची उत्तरे एका शब्दात देणे शक्य नाही. प्रथम 'व्यक्तिमत्त्व विकार' हा शब्द वैद्यकशास्त्रात आला कोठून आणि त्याचा नेमका अर्थ काय, हे पाहिले पाहिजे.

शब्दाचा जन्म

'व्यक्ती तितक्या प्रकृती' हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. ग्रीक वैद्यांनी शरीरातील चार रसांवरून माणसांचे चार स्वभाव सांगितले, आपल्याकडे आयुर्वेदाने वात, पित्त आणि कफ यांवरून प्रकृती सांगितल्या. पण स्वभाव वेगळा असणे निराळे आणि स्वभावानेच माणसाचे जीवन उद्ध्वस्त होणे निराळे. हा दुसरा प्रकार वैद्यांच्या नजरेत नीट भरला तो सुमारे दोनशे वर्षांपूर्वी. पॅरिस येथील फिलिप पिनेल या डॉक्टरांनी १८०१ साली आपल्या ग्रंथात अशा काही रोग्यांचे वर्णन केले की, ज्यांची बुद्धी शाबूत आहे, ज्यांना भ्रम नाहीत, आणि तरीही ज्यांच्या मनोविकारांचा उद्रेक त्यांना आवरत नाही. तोवर वेड म्हणजे बुद्धीचा भ्रंश, अशीच समजूत होती. बुद्धी न ढळताही माणूस मनाने आजारी असू शकतो, ही गोष्ट तेव्हा नवीन होती.

पुढे १८३५ साली इंग्लंडातील प्रिचर्ड यांनी यालाच 'मॉरल इन्सॅनिटी' असे नाव दिले. त्या काळच्या इंग्रजीत 'मॉरल' या शब्दात भावनांचाही अंतर्भाव होत असे. लोकांनी मात्र त्याचा अर्थ 'नीतिभ्रष्ट' असा केला आणि रोग्याच्या माथी दुराचाराचा डाग बसला. १८९१ साली जर्मनीतील कोख यांनी जे नाव योजले त्यात तर 'न्यूनता' हाच शब्द होता. वाचकांनी हे ध्यानात ठेवावे, कारण या विषयाच्या इतिहासात रोगाइतकाच घात रोगाच्या नावांनी केलेला आहे.

या गोंधळात १९२३ साली कुर्ट श्नायडर या जर्मन मानसोपचारतज्ज्ञाने पुष्कळ स्पष्टता आणली. त्यांनी विषम व्यक्तिमत्त्वाचे दहा प्रकार वर्णिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, सर्वसामान्यांहून वेगळी व्यक्तिमत्त्वे पुष्कळ असतात. संत वेगळे असतात, कवी वेगळे असतात. त्या वेगळेपणामुळे जो स्वतः दुःख भोगतो किंवा ज्याच्यामुळे समाजाला दुःख भोगावे लागते, त्याचाच विचार वैद्याने करावा. त्यांच्या दृष्टीने वेगळेपणा हा रोग नव्हता. आजही डॉक्टर जेव्हा रोग्याच्या घरच्यांना 'याचा त्रास कोणाला, कशात आणि किती होतो?' असे विचारतात, तेव्हा ते श्नायडर यांचाच प्रश्न विचारीत असतात.

दहा कप्पे

दुसऱ्या महायुद्धानंतर वर्गीकरणाचे काम दोन ठिकाणी होऊ लागले. एक जागतिक आरोग्य संघटनेचे, त्याला आयसीडी म्हणतात. दुसरे अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेचे, त्याला डीएसएम म्हणतात. डीएसएमची पहिली आवृत्ती १९५२ सालची. परंतु खरे परिवर्तन झाले ते १९८० साली, रॉबर्ट स्पिट्झर यांच्या नेतृत्वाखाली सिद्ध झालेल्या तिसऱ्या आवृत्तीने. तोपर्यंत एकच रोगी दोन डॉक्टरांनी पाहिला तर दोन नावे मिळत. स्पिट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येक विकारासाठी लक्षणांची यादी दिली आणि यादीतील अमुक इतकी लक्षणे असतील तरच ते नाव द्यावे, असा दंडक घातला.

आज त्या पुस्तकात दहा व्यक्तिमत्त्व विकार आहेत. पहिल्या गटात संशयी, अलिप्त आणि विक्षिप्त असे तीन. दुसऱ्या गटात समाजविघातक, सीमारेषीय, नाटकी आणि आत्मप्रौढीचा असे चार. तिसऱ्या गटात नकाराच्या भयाने माणसे टाळणारा, परावलंबी आणि अतिकाटेकोर असे तीन. नावे वाचताच वाचकाच्या डोळ्यांपुढे शेजारीपाजारी उभे राहतील, हे आम्ही जाणतो. अतिकाटेकोर म्हणताच कोणाला सासरे आठवतील, आत्मप्रौढी म्हणताच कोणाला भाऊजी. हा मोह आवरावा, अशी आमची विनंती आहे. शंभर वेळा हात धुणाऱ्या माणसाला आपण 'मंत्रचळ' लागला म्हणतो. पण तो आणि काटेकोर स्वभावाचा विकार हे दोन्ही वैद्यकात वेगवेगळे आहेत. मंत्रचळाच्या रोग्याला आपला विचार बहुधा नकोसा असतो, तो त्याच्याशी झगडत असतो. काटेकोर स्वभावाच्या माणसाला मात्र आपलेच बरोबर आणि जग ढिले असे वाटत असते. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून नुसत्या डोळ्यांनी निदान होत नाही.

आता या मातेच्या मुलीला दिलेल्या नावाकडे वळू. 'सीमारेषीय' हे नाव १९३८ साली अ‍ॅडॉल्फ स्टर्न यांनी वापरात आणले. मनाचे साधे विकार आणि गंभीर वेड यांच्या सीमेवर हे रोगी उभे आहेत, असे त्या काळी वाटे. आज ती कल्पना मागे पडली आहे, नाव मात्र उरले आहे. डीएसएममध्ये याची नऊ लक्षणे दिली आहेत. आपले माणूस सोडून जाईल या भीतीने जिवाचा आटापिटा, एकदा देव मानलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी दैत्य मानणे, मी कोण याचाच थांग न लागणे, उतावीळ कृत्ये, स्वतःला इजा करणे, तासातासाला पालटणारी मनःस्थिती, आत सारे रिकामे असल्याची भावना, न आवरणारा राग, आणि ताणाच्या वेळी क्षणभर संशय किंवा बधिरता. या नऊपैकी निदान पाच असावी लागतात.

येथे वाचकांनी थोडा हिशेब करून पाहावा. नऊपैकी पाच किंवा अधिक लक्षणे एकूण २५६ रीतींनी जुळू शकतात. म्हणजे एकाच नावाखाली २५६ प्रकारचे रोगी बसतात. शिवाय या विकाराच्या दोन रोग्यांत एकच लक्षण समान असून बाकीची सर्व निराळी असणेही शक्य आहे. उलट चार लक्षणांनी पोळलेल्या माणसाला हे नाव मिळणार नाही, पाचवे दिसताच मिळेल. ताप मोजावा तसा हा विकार मोजता येत नाही. यादीमुळे डॉक्टरांची भाषा एक झाली, हा मोठा लाभ खरा. पण त्या यादीत माणसाचे सगळे चरित्र मावत नाही.

हे कप्पे माणसांनी आखलेले आहेत, याचे एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. १९८७ सालच्या सुधारित आवृत्तीच्या परिशिष्टात 'आत्मघातकी व्यक्तिमत्त्व' या अर्थाचा एक नवा विकार घातला गेला. जो माणूस सुख टाळतो आणि छळणाऱ्याच्या सहवासातच राहतो, त्याच्यासाठी हे नाव होते. त्यावर अनेक स्त्री-मानसशास्त्रज्ञांनी कडाडून आक्षेप घेतला. मार खाणारी स्त्री घर सोडत नाही ती भीतीने, मुलांसाठी किंवा निराधारपणामुळे. तिच्याच स्वभावाला विकार ठरवणे म्हणजे मारणाऱ्याला मोकळे सोडणे होय, असे त्यांचे म्हणणे होते. १९९४ सालच्या आवृत्तीतून ते नाव काढून टाकण्यात आले.

निदान कसे व्हावे

तर मग डॉक्टरांनी निदान करावे तरी कसे? याबाबत तज्ज्ञांत मोठे मतैक्य आहे. पहिली गोष्ट म्हणजे काळ. स्वभावाचा दोष हा एका महिन्याचा नसतो. तो बहुधा किशोरवयात किंवा तारुण्याच्या आरंभी दिसू लागतो आणि पुढे टिकतो. निदान दोन वर्षे तरी तो दिसलेला असावा, असे आयसीडीची नवी आवृत्ती सुचवते. समाजविघातक विकाराचे नाव तर अठरा वर्षांखालील मुलाला देताच येत नाही, असा डीएसएमचा नियम आहे. कोवळ्या वयातील बंडखोरी ही वाढीची अवस्था असू शकते.

दुसरी गोष्ट म्हणजे व्याप्ती. विकार स्वभावात असेल तर तो माहेरी, सासरी, कामावर, मैत्रिणींत, सर्वत्र या ना त्या रूपात दिसला पाहिजे. एकाच नात्यापुरता किंवा एकाच भूमिकेपुरता दिसत असेल, तर तो व्यक्तिमत्त्व विकार नव्हे, असे आयसीडीने स्पष्ट म्हटले आहे. जी मुलगी शाळेत शिकवते, सहकाऱ्यांशी सलोख्याने वागते, माहेरी हसते-बोलते आणि केवळ एका घराच्या उंबऱ्याआत भडकते, तिच्या स्वभावाआधी त्या घराची तपासणी केली पाहिजे.

तिसरी गोष्ट म्हणजे इतर आजार आधी वगळणे. खिन्नतेच्या आजारात शांत माणूस चिडका होतो. उन्माद आणि खिन्नता आलटून-पालटून येणाऱ्या आजारात माणूस उधळपट्टी करतो, भांडतो आणि काही आठवड्यांनी पूर्वपदावर येतो. थायरॉईड ग्रंथीच्या बिघाडाने, मद्याने आणि मेंदूच्या इजेनेही स्वभाव पालटतो. १८४८ साली अमेरिकेतील व्हरमाँट प्रांतात रेल्वेमार्गाचे काम चालू असता फिनियस गेज नावाच्या मुकादमाच्या डोक्यातून लोखंडी पहार आरपार गेली. तो जगला, चालू-बोलू लागला. पण त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी लिहून ठेवले आहे की, पूर्वीचा शिस्तीचा आणि समतोल माणूस आता लहरी आणि उद्धट झाला होता. स्वभाव म्हणून ज्याला आपण नावे ठेवतो त्याचे मूळ कधी मेंदूत, कधी गळ्यातील ग्रंथीत, तर कधी जुन्या भयंकर आघातात असते. बालपणी मार, अत्याचार किंवा उपेक्षा सोसलेली माणसे या रोग्यांत पुष्कळ आढळतात.

चौथी गोष्ट म्हणजे संस्कृती. कोणते वागणे विचित्र हे त्या त्या समाजावरून ठरते. एका घरात सासऱ्यांपुढे न बोलणे हा विनय, तर दुसऱ्या देशात तोच भित्रेपणा. म्हणून ज्याचे स्पष्टीकरण रीतिरिवाजातच मिळते त्याला विकार म्हणू नये, असाच नियम आहे.

हे सर्व पाहावयाचे म्हणजे वेळ हवा. रोग्याशी एकांतात बोलले पाहिजे, त्याला बालपणापासून ओळखणाऱ्या माणसाकडून माहिती घेतली पाहिजे, निरनिराळ्या दिवशी भेटले पाहिजे. यासाठी प्रश्नांच्या मुद्देसूद मुलाखती तयार केलेल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अशा एका मुलाखतीची कसोटी अकरा देशांतील ७१६ रोग्यांवर घेण्यात आली, तिचा वृत्तांत १९९४ साली प्रसिद्ध झाला आणि तीत आपले बंगळूरही एक केंद्र होते. नीट प्रश्न विचारले तर वेगवेगळे परीक्षक बऱ्याच अंशी एकाच निष्कर्षाला येतात, असे त्यातून दिसले. याचा अर्थ असा की, हे निदान थोतांड नाही. परंतु ते वीस मिनिटांतही होत नाही आणि केवळ सासरच्यांच्या सांगण्यावरून तर मुळीच होत नाही.

चिठ्ठीचे ओझे

निदान चुकीचे झाले तर काय होते, हे पाहण्यासाठी एक अभ्यास आठवावा. १९८८ साली इंग्लंडातील लुईस आणि अ‍ॅपलबी या दोन डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे एका रोग्याची लिखित हकीकत पाठवली. काहींना पाठवलेल्या हकीकतीत, याला पूर्वी व्यक्तिमत्त्व विकाराचे निदान झाले होते, एवढे एक वाक्य अधिक होते. बाकी सारे तेच. पण ते वाक्य वाचलेल्या तज्ज्ञांना तोच रोगी अधिक त्रासदायक, लक्ष वेधून घेणारा आणि सहानुभूतीस कमी पात्र वाटला. शिकलेल्या डॉक्टरांची ही गत, मग तुमच्याआमच्या घरी काय होत असेल! एकदा चिठ्ठी चिकटली की त्या माणसाचे खरे दुःखही 'नाटक' ठरते. त्याने आत्महत्येचे नाव काढले तर 'नेहमीचेच आहे' म्हणून दुर्लक्ष होते, आणि नेमका तेथेच जीव जातो.

या दोषाची जाण ठेवूनच जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडीच्या अकराव्या आवृत्तीत जुने कप्पे मोडीत काढले. ही आवृत्ती २०१९ साली मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. आता डॉक्टर आधी एवढेच विचारतो की, या माणसाचे स्वतःशी असलेले नाते आणि इतरांशी असलेले नाते किती बिघडले आहे? त्यावरून सौम्य, मध्यम किंवा तीव्र अशी पायरी ठरते. मग वाटल्यास स्वभावाचे पाच कल नोंदवता येतात. जसे दुःखी भावनांचा अतिरेक, अलिप्तता, इतरांविषयी बेपर्वाई, संयमाचा अभाव आणि अतिकाटेकोरपणा. 'सीमारेषीय' हे नाव तेथेही एक पुरवणी म्हणून राहिले आहे, कारण त्या नावावर उपचारांची मोठी परंपरा उभी आहे. अमेरिकन पुस्तकाने मात्र २०१३ साली असाच नवा आराखडा समोर असूनही जुने दहा कप्पेच मुख्य भागात ठेवले आणि नवा आराखडा मागील भागात छापला. थोडक्यात, या घटकेला जगात दोन पद्धती शेजारी-शेजारी चालू आहेत.

नव्या पद्धतीत आम्हांला सर्वांत मोलाची वाटते ती एक वेगळीच पायरी. तिचे नाव 'व्यक्तिमत्त्वातील अडचण'. ती विकारांत मोजली जात नाही. स्वभावाला काटे आहेत, काही प्रसंगी ते टोचतात, पण संसार, काम आणि मैत्री चालू आहे, अशा माणसासाठी ती आहे. आपल्यापैकी कितीतरी जण कधी ना कधी या पायरीवर उभे असतो!

अडचण आणि विकार यांतील हा भेद ख्रिस्तसभेच्या विवाह न्यायालयांनाही अपरिचित नाही. १९८३ च्या धर्मविधानातील १०९५ क्रमांकाचे कलम मानसिक कारणांमुळे विवाहाची आवश्यक कर्तव्ये स्वीकारण्यास असमर्थ असलेल्या व्यक्तीबद्दल बोलते. पण ५ फेब्रुवारी १९८७ रोजी रोमच्या रोटा न्यायालयापुढे भाषण करताना पोप दुसरे जॉन पॉल यांनी बजावले होते की, केवळ असमर्थतेने विवाह अवैध ठरतो, अडचणीने नव्हे. शिवाय प्रश्न विवाहाच्या क्षणी दिलेल्या संमतीचा असतो, तीन वर्षांनंतरच्या भांडणाचा नसतो. यासाठी न्यायालय तज्ज्ञाचे मत मागवते, तो तज्ज्ञ कागदपत्रे आणि माणसे तपासतो आणि निवाडा तरीही न्यायाधीशाचाच असतो. तेव्हा कपाटातील तो कागद दाखवून विवाह मोडता येईल, असे ज्यांना वाटत असेल त्यांनी तो भ्रम सोडावा.

देशाचा कायदाही येथे मुलीच्या बाजूने उभा आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो की, मानसिक आजार ठरवावयाचा तो मान्यताप्राप्त वैद्यकीय निकषांवर. समाजाच्या रूढ नीतिमूल्यांशी पटत नाही एवढ्यावरून नव्हे. पूर्वी उपचार झाले होते, एवढ्यावरून आज कोणाला आजारी ठरवता येत नाही. आणि रोग्याच्या आजाराची माहिती गुप्त राखली जाणे हा रोग्याचा हक्क आहे. पाहुण्यांना तो कागद दाखवणारी माणसे निदान सभ्यतेच्या कायद्याचा तरी भंग करीत आहेत.

औषध कोणते?

आता शेवटचा आणि सर्वांत जिव्हाळ्याचा प्रश्न: ती सुधारेल काय? गोळी या अर्थाने पाहिले तर म्हण खरी आहे. सीमारेषीय विकारावर म्हणून खास असे औषध नाही. सोबतच्या खिन्नतेसाठी किंवा निद्रानाशासाठी डॉक्टर औषध देतात तेवढेच. पण उपचार आहे, आणि तो बोलण्याचा व शिकण्याचा आहे.

त्या उपचाराची कहाणी सांगितल्याशिवाय आम्हांला राहवत नाही. अमेरिकेतील मार्शा लिनेहन ही मुलगी १९६१ साली सतरा वर्षांची असताना मनोरुग्णालयात दाखल झाली. ती स्वतःला कापून घेई, सिगारेटने भाजून घेई. तिला स्किझोफ्रेनियाचे नाव मिळाले, विजेचे झटके दिले गेले, फारसा उपयोग झाला नाही. ती कॅथलिक होती. १९६७ साली शिकागोत एका प्रार्थनागृहात गुडघे टेकून बसली असता, आपण आहोत तशा प्रिय आहोत, असा प्रत्यय तिला आला आणि तेथून तिचे जीवन पालटले, असे तिने पुढे सांगितले. शिकून ती मानसशास्त्रज्ञ झाली आणि आपल्यासारख्यांसाठी तिने एक उपचारपद्धती घडवली. 'तू आहेस तशी मला मान्य आहेस' आणि 'तुला बदलावे लागेल' ही दोन वाक्ये एकाच वेळी खरी धरणे, हा तिचा गाभा. त्याबरोबर वादळी भावनेत दहा मिनिटे कशी काढावी, भांडण न करता मागणी कशी करावी, याचे आठवड्यागणिक प्रशिक्षण. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या उपचाराने स्वतःला इजा करण्याचे प्रकार कमी झाल्याचे दिसले. २०११ साली तिने त्याच रुग्णालयात उभे राहून आपली स्वतःची हकीकत जगाला सांगितली.

एकटीचेच उदाहरण नको असेल, तर बॉस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयातील मेरी झानारिनी यांचा अभ्यास पाहावा. इतक्या तीव्र त्रासात की रुग्णालयात भरती करावे लागले, अशा २९० सीमारेषीय रोग्यांचा त्यांनी वर्षानुवर्षे मागोवा घेतला. दहा वर्षांत शंभरातील ९३ जणांची लक्षणे निदान दोन वर्षे तरी ओसरलेली राहिली. लक्षणे ओसरून कामधंदा आणि नाती यांतही नीट उभे राहिलेले शंभरात पन्नास. म्हणजे वादळ बहुतेकांचे शमते; घर पुन्हा बांधणे मात्र अधिक कठीण, आणि त्यातच माणसांच्या मदतीची गरज असते.

तेव्हा, पत्र लिहिणाऱ्या मातेस आमचे उत्तर असे. बाई, तुमची मुलगी वाईट नाही. ती आजारी आहे की केवळ दुःखी आहे, हे त्या एका भेटीच्या कागदावरून ठरणार नाही. तिला घेऊन दुसऱ्या एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. गोव्यात बांबोळीला, बेळगावकरांना धारवाडला, ग्वाल्हेरला मानसिक आरोग्यशाळेत, अशी सरकारी ठिकाणे आपल्या वाचकांच्या आवाक्यात आहेत. तिला एकटीला बोलू द्या. डॉक्टरांना स्वच्छ विचारा की, थायरॉईड तपासले काय, खिन्नता आहे काय, हे वागणे सर्वत्र आहे की एकाच घरात? तेथे कोणी हात उगारतो काय, हेही तिला मायेने विचारा. तोवर घरातील औषधे, कीटकनाशके आणि धारदार वस्तू कुलपात ठेवा. तिने मरणाची गोष्ट काढली तर रागावू नका, खोटे समजू नका, जवळ बसा. रात्री-अपरात्री कोणी नसेल तर टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक कोणत्याही वेळी लावता येतो.

पाप आणि आजार यांचा प्रश्नही आपण सूचित केला आहे. भीती, सवय आणि मानसिक कारणे यांनी माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, असे ख्रिस्तसभेची श्रद्धाशिकवणच सांगते. आपली मुलगी सर्वस्वी निर्दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. तसे कोण आहे? तिने ज्यांना दुखावले त्यांची क्षमा तिला मागावी लागेल, आणि ज्यांनी तिला दुखावले त्यांना तिची.

आणि ज्या घरच्या कपाटात तो कागद आहे, तेथेही हा अंक जात असेल. त्या मंडळींना आमची नम्र विनंती आहे की, तो कागद तिचा आहे, तो तिला परत द्यावा, आणि पुढच्या भेटीस तिच्यासोबत डॉक्टरांकडे आपणही जावे. तेथे तिच्याविषयी सांगण्यापूर्वी थोडे स्वतःविषयीही सांगावे.